दारावरचा गोषवारा

आज खंडेनवमी. भोसरी, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, तिकडे गोव्यात वेर्णा; साऱ्या औद्योगिक वसाहतींत काल संध्याकाळपासूनच यंत्रांचा आवाज खाली आला असेल. लेथच्या पोटात साचलेला लोखंडाचा कीस खरवडून निघाला असेल, कूलंटचे चिकट डाग डिझेलच्या बोळ्याने पुसले गेले असतील, आणि वर्षभर ज्या मशीनला आपण वैतागून लाथ घातली, तिच्याच पुढ्यात आज हात जोडून उभे राहू. पाटावर लाल कापड अंथरून पाने, कानशी, हातोड्या, व्हर्नियर मांडले जातील. इचलकरंजीत मागाला, छापखान्यात छपाईयंत्राला, गॅरेजात जॅकला, रानात विळ्या-कोयत्याला आणि कचेरीत संगणकाला हळदकुंकू लागेल. ज्या हत्यारावर पोट चालते ते वर्षातून एकदा थांबवावे, धुवावे, त्याचे ऋण मानावे, एवढी साधी समज या रीतीमागे आहे आणि ती कुणाला शिकवावी लागत नाही.

दाराला तोरण हवेच. आंब्याची पाने आणि झेंडू ओवलेली माळ एका बाजूने शटरच्या कडीला अडकते. दुसऱ्या टोकासाठी खिळा शोधावा लागतो. तो खिळा बहुतेक ठिकाणी एका लाकडी चौकटीवर सापडतो. काचेची दारे, आत हिरवी बनात, गंजलेले कुलूप. माळ तिथे बांधली, की फुलांचा घोस बरोबर काचेवर उतरतो आणि आत टाचलेल्या कागदांपैकी अर्धे झाकले जातात. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते कागद उघडे असतानाही कुणी वाचत नव्हते. कारखान्यात आज सगळ्या वस्तूंना फूल वाहिले जाईल. या चौकटीलाही चुकून मिळेल, पण ते तिच्यासाठी नसेल.

आज थोडा वेळ या चौकटीपाशी थांबू.

तिच्यात काय असते? कामाच्या वेळांचा तक्ता, साप्ताहिक सुट्टीचा वार, किमान वेतनाचे दर, पगाराची तारीख, आणि वेगवेगळ्या कायद्यांचे गोषवारे. ‘गोषवारा’ हा शब्द आपल्याला हिशेबाच्या वहीतून आणि पेशवे दफ्तरातून मिळाला. आला तो फारसीतून. तिथे ‘गोश’ म्हणजे कान, आणि गोषवारा म्हणजे मुळात कानातला दागिना. लांबलचक हिशेबाचे सार एका पानात लटकवायचे म्हणून त्याला हे नाव पडले असावे, की ते सार कानी घालायचे असते म्हणून, हे शब्दांच्या अभ्यासकांवर सोडू. कायद्याने मालकाला ‘गोषवारा लावा’ असे सांगितले, तेव्हा नकळत एक फार चांगला शब्द हाताशी आला, एवढे खरे. कानात शोभायची वस्तू आपण भिंतीवर लटकवली आणि विसरून गेलो.

कायदा माहीत नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. साऱ्या जगाने मान्य केलेला नियम आहे आणि त्याशिवाय राज्य चालणार नाही, हेही कळते. तरी तो कठोर आहे. सातव्या इयत्तेत शाळा सुटलेल्या हेल्परने आणि विधी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मालकाच्या मुलाने कायदा सारखाच जाणावा, असे तो गृहीत धरतो. या कठोरपणाची बोचणी खुद्द कायद्यालाच लागलेली असावी. नाही तर कितीतरी कामगार कायद्यांच्या शेवटाकडे, दंड आणि नियम करण्याच्या अधिकारांच्या आसपास, एक लहानसे कलम इतक्या नेमाने आले नसते. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात ते पंचविसावे आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात एकशे आठवे. 1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमात एकोणिसावे. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: या कायद्याचा गोषवारा कामाच्या ठिकाणी, दिसेल असा, कामगारांना कळेल अशा भाषेत लावावा. राजपत्रात छापून मोकळे झालेले सरकार इथे, या एका कलमापुरते, गिरणीच्या दारापर्यंत चालत येते.

आणि ही कलमे लिहिणाऱ्यांनी कारखाना पाहिलेला होता, हे त्यांच्या शब्दांवरून कळते. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात म्हटले आहे की हे आदेश खास फलकांवर लावावेत, आणि ते फलक बहुसंख्य कामगार ज्या दारातून आत येतात त्या दारापाशी किंवा त्याच्या जवळ असावेत. कारखान्याला दारे दोन असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच असे वाक्य लिहावे. एका दाराशी कुंड्या, पितळी पाटी आणि साहेबांची गाडी. दुसऱ्या दाराशी हजेरीचे यंत्र, सायकली, डब्यांच्या पिशव्या. फलक दुसऱ्या दाराचा. कारखाने अधिनियमाचे एकशे आठवे कलम आणखी एक अट घालते: सूचना स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत ठेवाव्यात. म्हणजे लावून भागत नाही, पुसायचेही आहे. खंडेनवमीला यंत्र पुसताना फडके दोन हात पुढे न्यावे, असे कायदाच सांगतो म्हणा ना.

या चौकटीतला एक एक कागद सहज आलेला नाही. पगाराच्या तारखेचेच पाहा. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवायचे निवेदन तयार झाले आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या आज वाचताना अंगावर येतात त्या त्यांच्या साधेपणामुळे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला सोडा. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. लोखंडे स्वतः गिरणीच्या कोठारावर काम केलेले, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, आणि ‘दीनबंधु’चे संपादक. रविवारची सुट्टी मिळायला त्यानंतरही सहा वर्षे गेली. गिरणीमालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 रोजी. आज आपण रविवारी उशिरा उठून पुरवणी चाळतो, तेव्हा हे नाव आठवतेच असे नाही.

त्या निवेदनात पगारासाठी पंधरा तारीख मागावी लागली. 1936 च्या कायद्याने ती हजारापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेत सात आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा तारखेवर आणली. आता वेतन संहितेत मासिक पगार सातव्या दिवसाच्या आत, आणि नोकरी सोडलेल्या किंवा कामावरून काढलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, असे आहे. पंधराचे सात व्हायला गिरणगावाच्या काही पिढ्या खपल्या. फलकावर मात्र ती एक ओळ असते: ‘वेतन देण्याची तारीख’. पुढे निळ्या शाईत आकडा.

कामाच्या वेळांच्या तक्त्याचा तर दराराच वेगळा. जुन्या कारखाने अधिनियमात एकसष्टावे कलम सांगते की प्रौढ कामगारांच्या कामाच्या वेळा आधी ठरवून तो तक्ता लावावा. आणि लगेच त्रेसष्टावे कलम सांगते की त्या तक्त्याबाहेर कुणाला कामावर ठेवू नये. म्हणजे भिंतीवरचा तो कागद नुसती माहिती देत नाही, साक्ष देतो. तक्त्यात सुटी साडेतीनला आहे आणि माणूस पाचला मशीनवर उभा सापडला, तर त्याने कुणाविरुद्ध तोंड उघडण्याची गरजच पडत नाही. गरीब माणसाला साक्षीदार मिळणे किती अवघड असते ते आपण जाणतो. कायद्याने त्याच्यासाठी भिंतच साक्षीदार करून दिली.

मातृत्व लाभाच्या कागदाचे मूळही इथलेच. भारतात या विषयावरचा पहिला कायदा 1929 साली मुंबई प्रांताने केला. पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने गोषवारा स्त्रिया जिथे जिथे काम करतात अशा प्रत्येक विभागात लावा असे सांगितले, एकट्या दाराशी लावून सुटका नाही. 2017 च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला या हक्कांची लेखी माहिती द्यावी, असेही आले. बारकावा मोलाचा आहे. दाराशी, सगळ्यांच्या देखत, आपल्या बाळंतपणाच्या रजेचा कागद वाचत उभे राहणे किती जणींना जमेल? 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही फलक मागतो: छळाचे दंडनीय परिणाम आणि अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश दिसेल अशा ठिकाणी लावा. हा कागद पुष्कळ कचेऱ्यांत असतो, छान छापलेला असतो, आणि त्यावरच्या समितीतल्या एक बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या असतात. फोन लावावा तर त्या नातवाला शाळेत सोडायला गेलेल्या.

इथे आपल्या सगळ्यांच्या सवयीचा विषय येतो. फलक कुणासाठी लावतो आपण? खरे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. साहेब येणार म्हणून. तपासणीची कुणकुण लागली की स्टेशनरीच्या दुकानातून तयार तक्त्यांचा संच येतो. सगळे गोषवारे एका चकचकीत कागदावर, अक्षर मुंगीएवढे, वर गणपती. टाचण्या लागतात, तपासणी होते, चहा होतो, आणि फलक पुढच्या कुणकुणीपर्यंत समाधी घेतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. चांगल्या ठिकाणी नवा दर जुन्यावर टाचला जातो, त्यावर त्यानंतरचा. झाडाच्या खोडात वर्षांची कडी पडावीत तसे थर साचतात आणि शेवटी टाचणी पुरत नाही. बाकीच्या ठिकाणी एकच कागद पिवळा पडत राहतो.

हे आपल्याकडेच घडते असे मानून खजील व्हायचे कारण नाही. आपली पोरे न्यू जर्सीत किंवा टेक्ससात नोकरी करतात, त्यांना कॉफीच्या खोलीत मायक्रोवेव्हशेजारी असाच एक रंगीत फलक दिसतो. तिथले कामगार खाते हे फलक फुकट देते, तरी ते विकणाऱ्या कंपन्या तिथे आहेत आणि घाबरून विकत घेणारे मालकही. फलक नवा, गुळगुळीत. पण त्यावरचे केंद्रीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, आणि तो आकडा 2009 चा.

असो. मुद्दा आपल्या दाराचा आहे. यंदाची खंडेनवमी एका अर्थाने पहिलीच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांच्यात सामावले. वर ज्या कलमांची नावे घेतली त्यांतली बरीचशी आता इतिहासाच्या कपाटात गेली. संहितांनी कामगाराचे भले केले की मालकाची सोय, हा वाद मोठा आहे आणि तो रस्त्यावर, सभागृहांत आणि न्यायालयांत चालूच राहील. स्थायी आदेशांचे बंधन आता तीनशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच, ही गोष्ट तर आपल्याला मुळीच पटलेली नाही. दीडशे माणसांच्या कारखान्यात शिस्तीचे नियम लिहून दाराशी लावायला काय जड जाते? पण वेतन संहितेचे पन्नासावे कलम वाचले की जुनी ओळख पटते. संहितेचा गोषवारा, प्रवर्गवार वेतनदर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस किंवा तारीख आणि वेळ, निरीक्षकाचे नाव आणि पत्ता, हे सारे ठळक जागी फलकावर लावायचे आहे. एवढे कायदे गेले, फलक राहिला. निरीक्षकाच्या नावाला मात्र आता ‘सुविधाकार’ असे शेपूट आले आहे. शिपायाला सेवक म्हटल्याने पगार वाढत नाही आणि निरीक्षकाला सुविधाकार म्हटल्याने सुविधा. तरी त्याचे नाव-गाव भिंतीवर असणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणजे या वर्षी सगळ्याच चौकटी उघडाव्या लागणार. जुने कागद काढायचे, नवे लावायचे. आणि लावताना कुठल्या भाषेत, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

दुकानाच्या पाटीवर मराठी हवी, यासाठी आपण भांडलो. 2022 ची दुरुस्ती झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 2023 च्या नोव्हेंबरअखेर मुंबईच्या पाट्या देवनागरीत झळकल्या. रास्तच होते; या भूमीवर दुकान थाटणाऱ्याने इथल्या भाषेत नाव सांगावे. पण ती बाहेरची पाटी. ती गिऱ्हाइकासाठी आणि गावासाठी असते. आतला फलक कामगारासाठी असतो, आणि कारखाने अधिनियमाची त्याबाबतची जुनी अट नेमकी होती: बहुसंख्य कामगारांना समजेल ती भाषा. चाकणच्या किंवा तळोज्याच्या एखाद्या कारखान्यात पाळी सुटताना दाराशी उभे राहावे आणि नुसते कान द्यावेत. भोजपुरी, उडिया, बंगाली, अधूनमधून वऱ्हाडी. अशा दाराशी मराठी आणि इंग्रजीतला गोषवारा लावून आपण कायद्याचे अक्षर पाळतो, की त्याचा कान बंद करतो? मराठीच्या अभिमानाला यात काही बाध येतो, असे आम्हाला वाटत नाही. सुरतेला उधना-लिंबायतीत खानदेशातून गेलेली आपली हजारो माणसे कापडाच्या धंद्यात राबतात. तिथल्या भिंतीवर गुजरातीबरोबर चार ओळी मराठीत असाव्यात, असे आपल्याला मनापासून वाटतेच ना? मग तेच माप इकडेही लावू. मराठी वर ठेवावी. खाली हिंदीही लावावी, आणि गरज असेल तिथे उडियाही.

आणि ज्यांना भिंतच नाही? उद्या दसरा. सीमोल्लंघन आपण गावाच्या वेशीपर्यंत जाऊन करतो आणि आपट्याची पाने वाटून जेवायला घरी येतो. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या वाड्यावस्त्यांवरून मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास खरेच सीमोल्लंघन सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर संसार चढवून कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. आज त्या कोयत्यालाही हळदकुंकू लागले असेल. त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे आज हा फड, उद्या तो, मुक्काम पालात. गोषवारा टाचायचा कुठे? उचलीचा आकडा मुकादमाच्या वहीत, तोडीचा दर ऐकीव, आणि वही त्यांच्यासमोर उघडत नाही. शहरात पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवण पोचवणाऱ्या पोराचे ठिकाण म्हणजे हातातला फोन. त्याचा दर त्या पडद्यावर बदलतो आणि मागचा दर पाहायला थरही उरत नाहीत. आणि आपले स्वयंपाकघर? घरकामासाठी पाचांपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला वेतन संहितेने नोंदवही आणि फलकाच्या बंधनातून मोकळे सोडले आहे. ठीक आहे, फ्रीजवर गोषवारा लावायला कुणी सांगत नाही. पण दिवाळीला भांडीवाल्या ताईंना काय द्यायचे, महिन्याला सुट्ट्या किती, त्यांच्या आजारपणाचे खाडे धरायचे की नाही, हे आपण त्यांना कधी एकदा नीट, बसून सांगितले आहे? की दरवेळी दारात चपला घालता घालता?

फलक वाचला जात नाही, ही तक्रार पुरती खरी नाही, हेही इथे कबूल केले पाहिजे. आजपासून दिवाळीपर्यंत बोनसची नोटीस लागू द्या, मग बघा. जेवणाच्या सुट्टीत चौकटीपुढे रांग लागते. मागचा पुढच्याच्या खांद्यावरून वाचतो, मोबाइलवर फोटो निघतात, साडेआठ टक्के की आठ पूर्णांक तेहतीस यावर डबा थंड होईपर्यंत चर्चा रंगते, आणि 8.33 म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार, हे गणित ज्याने शाळेत अपूर्णांकांवर मार खाल्ला तोही बिनचूक समजावून सांगतो. माणूस वाचतो. आपल्याविषयी लिहिले आहे असे वाटले की वाचतो. बाकीचे कागदही त्याच्याविषयीच आहेत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

सांगायची एक जुनी रीत आपल्या गावांत आहे. महसुलात चावडीवाचन होते. तलाठ्याच्या दफ्तरात काय लिहिले आहे ते गाव जमवून मोठ्याने वाचायचे, म्हणजे ज्याच्या नावावर चूक झाली तो तिथल्या तिथे उठून बोलतो. कागद कपाटात नुसता बरोबर असून चालत नाही, तो कानांवरून जावा लागतो. खंडेनवमीला कारखान्यात सगळेच जमलेले असतात. पहिल्या पाळीचे, रात्रपाळीचे, कंत्राटी, शिकाऊ, कधी न दिसणारे हिशेबनीस, आणि मालक घरच्यांसह. आरतीनंतर प्रसाद वाटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे अशीच जातात. तेवढ्यात गोषवारा वाचून होतो.

गेल्या खंडेनवमीला एका वसाहतीतल्या लहानशा कारखान्यात हे घडताना पाहिले. योजून काही नव्हते. तीसेक माणसांचा कारखाना. पूजा झाली, कोहळा फुटला, पेढ्यांचा बॉक्स मात्र रिक्षात अडकला होता. मालकांच्या आई, सत्तरीच्या पुढच्या, दाराशी खुर्चीवर बसलेल्या. तोरणाचा घोस डोळ्यांपुढे येत होता म्हणून त्यांनी तो बाजूला सारला आणि आतले कागद बघून विचारले, ‘‘हे काय रे लिहिलंय?’’ कुणाला पटकन सांगता येईना. वॉचमन मामांकडे किल्ल्यांचा जुडगा होता. सहावी किल्ली लागली. काचेचे दार उघडताच आत चिकटलेली पालीची दोन अंडी बनातीवरून टपकली, पोरे हसली. वरचा कागद काढला तर खाली दुसरा, त्याखाली तिसरा. सगळ्यात खालचा दर वाचून एक फिटर काका म्हणाले, ‘‘मी लागलो ते साल हे.’’ मग ते खूप वेळ तो कागद डोळ्यांपासून लांब धरून उभे होते.

वाचायला पुढे केले ते एका शिकाऊ मुलीला, कारण तिचा चष्मा होता. ती आधी लाजली, मग शाळेत प्रतिज्ञा म्हणतात त्या सुरात वाचू लागली. वेळा वाचल्या, कुणी काही बोलले नाही, दोघे एकमेकांकडे बघून हसले. पगाराची तारीख सात वाचली, तेव्हा मालकांनी घसा साफ केला. जादा कामाला दुप्पट दर, हे वाक्य एका बिहारी पोराने तिला पुन्हा वाचायला सांगितले, आणि शेजारच्याने ते त्याला हिंदीत करून दिले. शेवटी ती एका ओळीपाशी अडली.

‘‘निरीक्षकाचे नाव व पत्ता,’’ तिने वाचले. ‘‘पुढे टिंबं आहेत.’’

सगळ्यांनी मालकांकडे पाहिले. त्यांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि हिशेबनिसांकडे पाहिले. हिशेबनिसांनी सल्लागाराला फोन लावला. तो दसऱ्यासाठी गावी गेलेला, उचलेना.

‘‘उद्या लिहितो,’’ मालक म्हणाले.

‘‘उद्या सुट्टी आहे,’’ आई म्हणाल्या.

‘‘मग परवा.’’

तेवढ्यात पेढे आले.